दोन्हीकडे तेच नंबर

"सर, एक विचारू का? दोन्हीकडे तेच नंबर कसे काय आहेत?" समृद्धीने फोनवर इतक्या सहज विचारलं की सहदेवला आधी त्यातलं काही टोचलंच नाही. बाळकुमच्या नव्या ऑफिसात, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्चीवर बसून तो भिंतीतून बाहेर आलेले निळ्या केबलींचे झुपके मोजत होता. सहदेव पूर्वी जिथे नोकरीला होता त्या रंगाच्या कंपनीची समृद्धी ही नवी संगणक-प्रमुख. वय तिशी-बत्तिशीचं, बोलणं स्वच्छ, समोरच्याला कमी लेखायची सवय नाही. ठाण्यातलंच वर्तकनगरचं जुनं ऑफिस महिनाअखेर इथे, या टॉवरच्या सातव्या मजल्यावर यायचं होतं. कुठल्या यंत्राचा निरोप कुठल्या वाटेने कुठे पोहोचवायचा, याचा आराखडा करून द्यायला तिने सहदेवला बोलावलं होतं, कारण डोंबिवलीच्या कारखान्यातली पाव शतकाची यंत्रं ओळखणारा दुसरा माणूस तिला सापडला नव्हता. "वर्तकनगरला एकपासून चाळीसपर्यंत, आणि प्लांटमध्येही तेच एकपासून पुढे. म्हणजे ही दोन नेटवर्क जोडायची म्हटली असती तरी जोडता आली नसती ना?" सहदेव म्हणाला, "तेव्हा तसंच करायचे, मॅडम. सगळीकडेच." "ओके सर, सहज विचारलं," म्हणून तिने फोन ठेवला आणि सहदेव हातातली केबल तशीच धरून बसून राहिला.

तेव्हा तसं कुणीही करत नसे. नवशिक्यालासुद्धा पहिल्याच आठवड्यात सांगत की दोन जागी नेटवर्कची जाळी टाकायची तर नंबर वेगळे द्यायचे, कारण उद्या ती जोडायची वेळ येतेच. यंत्राला दिलेला नंबर म्हणजे त्याचा पत्ता. दोन सोसायट्यांत बी-विंगमध्ये २०४ असतं, पण सोसायटीचं नाव वेगळं असतं म्हणून पोस्टमनचं भागतं. इथे सोसायटीचं नावही दोन्हीकडे एकच होतं. ठाण्याच्या यंत्राने डोंबिवलीच्या सतरा नंबरला हाक मारली तर त्याला वाटायचं, सतरा तर आपल्याच घरातला आहे, आणि निरोप दाराबाहेर पडायचाच नाही. ही चूक सहदेवची होती, एकट्या सहदेवची. चोवीस वर्षांत तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच विचारलं तर उत्तर जिभेवर असं तयार बसलेलं निघालं, जणू रोज सकाळी त्याची उजळणी होत होती. त्याला स्वतःची शिसारी आली. मग शिसारीचाही कंटाळा आला. छप्पन्नाव्या वर्षी माणूस फार वेळ कशावर चिडून राहू शकत नाही. गुडघे मधेच आठवण करून देतात. तो उठला, पुढच्या खोलीतले झुपके मोजायला लागला, आणि बारा की तेरा यात घोटाळा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

दसऱ्यामुळे झालं सगळं, असं तो स्वतःला सांगत आलेला. कंपनीचे जुने मालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांची एक रीत होती. वर्षभरात जे जे यंत्र घेतलं ते दसऱ्याला चालू असलं पाहिजे. झेंडूचं फूल, हळदीकुंकवाचं बोट, नारळ, सगळं चालत्या यंत्राला. "झोपलेल्याला कुणी नमस्कार करतं का?" असं ते विचारायचे. त्या वर्षी वर्तकनगरला नवं ऑफिस झालं आणि डोंबिवलीच्या प्लांटमध्ये रंगाचं वजन नि मिश्रण करणारी यंत्रं आली. ती परदेशातून वापरलेली आणलेली, पण साहेबांना नवीनच. दोन्हीकडे जाळी टाकायची होती, सहदेव एकटा होता आणि हातात दिवस होते चार. तो बत्तीस वर्षांचा होता, नोकरीत नुकता कायम झालेला. आधी वर्तकनगर उरकलं. तिथली नंबरांची यादी वहीत लिहून ठेवली होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी डोंबिवलीला पोहोचला तेव्हा नवी यादी करायला डोकंच चालेना, म्हणून वही उघडी ठेवून तीच यादी तिथे टाइप केली. दिवाळीनंतर बदलू, एवढं साधं होतं ते. सकाळी साहेब ठाण्याची पूजा उरकून अकराला डोंबिवलीला आले, यंत्रांचे सगळे पडदे हिरवे उजळलेले बघून खूश झाले, आणि तीनशे माणसांसमोर सहदेवच्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ दिला. त्याच्या आधी कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या. शाळेत, कॉलेजात, लग्नातसुद्धा. नंतर दिवाळीत यंत्रवाल्या कंपनीचा गोरा इंजिनिअर आला, त्याने समोर दिसले ते नंबर यंत्रांच्या आत कायमचे बसवून टाकले आणि निघून गेला. दोन वर्षांनी त्याची कंपनीच बंद पडली. सहदेव दिवाळीची सुट्टी संपवून आला तेव्हा प्लांटचे नंबर दगडावरची रेघ झाले होते.

तरी तेव्हाही उपाय होता, आणि पुढचं त्याला फार वेळ आठवायला आवडत नसे. साहेबांनी बोलावून विचारलं, प्लांटमधला प्रत्येक घाणा, म्हणजे रंगाचा एकेक बॅच, मला ठाण्याला बसून दिसला पाहिजे, कधी जोडतोस? सहदेवच्या पाठीला शालीची ऊब अजून होती. तो म्हणाला, "साहेब, प्लांटचं मशिन जुनं आहे, ते आपल्याशी बोलत नाही." यंत्राला तोंड नसल्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. साहेब थोडे हिरमुसले आणि म्हणाले, "मग तात्पुरती काहीतरी सोय करा. बसवा कुणाला तरी मधे." मधे बसवली ती शीला. लॅबमध्ये होती, बीएस्सी झालेली, एकोणतीस वर्षांची. टेबलावर दोन पडदे ठेवले, दोन कीबोर्ड. डावीकडे प्लांटचं जाळं, उजवीकडे टेलिफोनच्या वायरीने ठाण्याला जोडलेला संगणक. डावीकडे बघायचं, बॅचचा नंबर, वजन, तापमान, छटेचा नंबर वाचायचा, आणि उजवीकडे टाइप करायचा. सहा महिने म्हणून बसवलेली. दोन जाळ्यांमधली वाट म्हणजे शीलाची मान, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे.

साहेब गेले, त्यांचे चिरंजीव आले, मग चिरंजीवांनी कंपनीचा मोठा हिस्सा दुसऱ्यांना विकला. सहदेवने २००९ साली नोकरी सोडून ठाकुर्लीच्या आपल्या फ्लॅटमधून स्वतःचं छोटं काम सुरू केलं. यंत्रांच्या देखभालीची कामं तो घेई, जुनी, कुणाला नको असलेली. या काळात शीलाचा एक पडदा तीनदा बदलला, दुसरा तसाच राहिला, आणि ती तिथेच बसून राहिली. सहदेव वर्षातून एकदा-दोनदा डोंबिवलीला जायचा, तिच्या डब्यातली भाजी खायचा, आणि परत येताना मनाशी म्हणायचा, बरं आहे की तिचं. सावलीत बसून काम, एसी आहे, लॅबसारखा डोक्यात जाणारा वास नाही, हात रंगत नाहीत. कारखान्यात तीनदा माणसं कमी केली पण शीलाच्या खुर्चीला कुणी हात लावला नाही, कारण ती उठली तर ठाण्याला अंधार. म्हणजे आपल्या चुकीने एका बाईची नोकरी राखली, असंही धरता येईल. हे त्याला एकदा रिक्षात सुचलं होतं आणि ते सुचल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं होतं की रिक्षा घरावरून थोडी पुढे गेली तरी लक्षात आलं नाही. तेव्हापासून शीलाचा विषय निघाला की तो या विचाराशी येऊन बसे, गार फरशीवर बसावं तसा.

आता त्या खुर्चीवर रेघ मारायची पाळी त्याच्यावर आली होती. संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर त्याने मोठा कागद पसरला. नवीन पोरं हे सगळं लॅपटॉपवर करतात. त्याला पेन्सिलशिवाय वाट सुचत नसे. बाळकुम वर, डोंबिवली खाली, मधे टेलिफोन कंपनीची जाड रेघ. प्लांटच्या यंत्रांपाशी येऊन पेन्सिल थांबली. इथून दोन आराखडे होऊ शकत होते. एकात, मधे तळहाताएवढी एक पेटी बसवायची, जी इकडचा सतरा तिकडे एकशे सतरा करून सांगते. झालं. हल्ली अशी पेटी कुठेही मिळते. मग बॅच आपोआप बाळकुमला दिसणार, आणि शीलाच्या टेबलावरचे दोन्ही पडदे काढून घेणार. तिला निवृत्तीला पाच वर्षं होती. त्रेपन्नाव्या वर्षी, चोवीस वर्षं नुसते आकडे वाचून टाइप केलेल्या बाईला नवे मालक दुसरं कुठलं काम देणार होते? दुसऱ्या आराखड्यात एकच ओळ लिहायची: प्लांटची यंत्रणा जुनी असल्याने जोडणी शक्य नाही, सध्याची पद्धत चालू ठेवावी. शीलाची खुर्ची राहील. जुनं खोटंही राहील, पण ते तर कुठे जाणारच नव्हतं. समृद्धी हुशार होती, पण जुन्या यंत्रांच्या बाबतीत तिला सहदेवच्या शब्दावरच चालावं लागणार होतं.

त्याचा कल दुसऱ्याकडे होता आणि तो दयाळूपणामुळे आहे असं त्याला वाटत होतं, निदान वाटून घ्यायचं होतं. खरं म्हणजे त्याला फार दमायला झालं होतं. पहिला आराखडा करायचा तर समृद्धी विचारणार, एवढंसं काम होतं तर इतकी वर्षं का नाही झालं? मग तिला समजावा, बैठक घ्या, नव्या मालकांच्या माणसांसमोर उभं राहा. दुसरा आराखडा म्हणजे एक ओळ लिहा, सही करा आणि आडवे व्हा. हेमा, त्याची बायको, मटार सोलायला समोर येऊन बसली. कागदाकडे एक नजर टाकून तिने विचारलं, "ही शीलाची कंपनी ना रे?" शीलाला ती हळदीकुंकवाला भेटलेली, दोन-चारदा. सहदेवने थोडक्यात सांगितलं, चूक सोडून सगळं. चूक हेमालाही माहीत नव्हती. ती म्हणाली, "मग तिला विचार की. तिची खुर्ची आहे." "तिला काय विचारायचं? कोण सांगेल माझी खुर्ची काढ म्हणून?" हेमाने एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "तू तिच्या वतीने घाबरतोयस की तुझ्या, ते मला कळत नाहीये," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. बायकोला सगळं सांगितलं नाही तरी तिला नेमकी जागा कशी सापडते हे सहदेवला तीस वर्षांत उमगलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेला. पाहणी करायचीच होती. रिक्षा नाल्यावरून वळली तशी तो ओळखीचा उग्र वास आला आणि त्याबरोबर बत्तीस वर्षांचा सहदेव आला, वही काखेत मारून लगबगीने चाललेला, आणि आताच्या सहदेवला त्याच्याकडे बघवेना. शीला टेबलाशी होती. केस बरेच पांढरे झालेले, आखूड कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. डावीकडे बघताना चष्मा वर, उजवीकडे बघताना खाली, असं तिचं चाललेलं. दोन पडद्यांचं अंतर सारखं नव्हतं. "ये ये, बस," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे. मधे बोलले तर सात आणि एक उलटसुलट होतात." ओळ झाली. मग ती खुर्चीसकट पूर्ण वळली. त्याच्या लक्षात आलं, ती नुसती मान वळवत नव्हती, मान वळतच नव्हती. "हे कधीपासून?" "मानेचं? अरे जुनंय ते. दोन-तीन मणके घासलेत. पट्टा दिलाय, पण तो घालून डावीकडचं दिसत नाही." हे तिने भाजीत मीठ कमी आहे अशा आवाजात सांगितलं. सहदेवने पाहणीचा कागद काढला, यंत्रांचे नंबर लिहायला घेतले, आणि एकही नंबर नवा नव्हता. सगळे त्याला पाठ होते.

इतक्यात लॅबमधून सुशांत आला. हा लॅबचा प्रमुख, चाळिशीचा, अंगावर डाग पडलेला पांढरा कोट, हातात रंग लावलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. सहदेवकडे बघून त्याने मान हलवली आणि पट्ट्या शीलाच्या पुढे धरल्या. "ताई, जरा बघा ना. मशिन पास म्हणतंय, पण पार्टी परत पाठवतेय. मला तर सेमच वाटतायत." शीलाने चष्मा काढला. पट्ट्या हातात घेऊन खुर्ची खिडकीकडे फिरवली, त्या एकीला एक चिकटवून धरल्या, जरा तिरप्या केल्या. दोन श्वासांइतका वेळ गेला असेल. "ही उजवी हिरवट जातेय. सावलीत नाही कळणार, उन्हात कळेल. पिवळा कमी कर, अगदी चिमूटभर." "काळा नको घालू?" "काळा घालशील तर मरेल तो." सुशांत पट्ट्या घेऊन गेला. शीलाने चष्मा परत लावला, आणि तिचा चेहरा जो क्षणभर दुसऱ्याच कुणाचा झाला होता, तो पुन्हा टेबलाचा झाला. सहदेवला आठवलं, चोवीस वर्षांपूर्वी लॅबच्या उत्तरेकडच्या खिडकीत हीच मुलगी अशीच पट्टी धरून उभी राहायची, आणि तिचे त्या वेळचे वरिष्ठ म्हणायचे की हिच्या डोळ्यांपुढे मशिन झक मारतं. त्याने ते ऐकलं होतं. ऐकून विसरला होता. सावली, एसी, वास नाही, हात रंगत नाहीत. तिच्या बोटांना सुशांतच्या पट्टीचा ओला निळा लागला होता आणि ती तो पुसत नव्हती.

"हा रोज येतो?" त्याने विचारलं. "अडला की येतो. चांगलाय पोरगा. दोन हजार पाचला कदमसाहेब रिटायर झाले ना लॅबचे, तेव्हा मला देणार होते ती जागा. तुला माहीत नसेल, तू ठाण्याला होतास." सहदेवला माहीत नव्हतं. ती पुढे बोलत राहिली. तक्रार म्हणून नाही, आलेल्या माणसाला जुन्या बातम्या सांगाव्यात तसं. "आपल्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, शीला, तू लॅबला गेलीस तर ठाण्याला बॅच कोण दाखवणार? दुसऱ्या कुणाला बसवलं होतं महिनाभर, त्याने वजनाच्या जागी तापमान टाकलं, सगळा गोंधळ. म्हणाले, जोडणी झाली की लगेच तुला लॅबला पाठवतो. शब्द दिलेला. मग दोन हजार दहाला परत विचारलं मी, मग चौदाला. मग सुशांतला घेतलं आणि मी विचारायचं सोडलं." ती हसली. "आता तू आराखडा करतोयस असं समृद्धीमॅडम म्हणाल्या. होणार ना रे जोडणी?"

सहदेवच्या खिशात दुसऱ्या आराखड्याची ओळ होती. ती त्याने सकाळीच स्वच्छ अक्षरात लिहून आणलेली, म्हणजे इथे आल्यावर मन बदलायला नको. आतून कुणीतरी म्हणत होतं, अजून वेळ आहे, बोल की प्रयत्न करतो, जुनं मशिन आहे, बघू. चोवीस वर्षं असंच वेळ मारून नेलेली; अजून एकदा नेली तर काय बिघडणार होतं? पण हिच्या मानेत जे बिघडायचं ते बिघडलेलं होतं. तो तिची नोकरी राखतोय म्हणून रिक्षात खूश होत होता, तेव्हा ती दर चार-पाच वर्षांनी जाऊन विचारत होती, झाली का जोडणी. जोडणीची वाट बघणारी या जगात ती एकटी होती आणि ती होणार नाही हे माहीत असलेला तो एकटा. त्याला लाज वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी, कान गरम करणारी. "होणार," तो म्हणाला. "मधे एक पेटी बसते. दोन दिवसांचं काम आहे." "बघ," शीला म्हणाली, "आता किती सोपं झालंय सगळं. तेव्हा नव्हतंच ना तसलं काही."

"तेव्हाही झालं असतं." हे बोलल्यावर त्याला वाटलं की आपण खाली बसावं, पण तो बसलेलाच होता. मग त्याने सांगितलं. खंडेनवमीची संध्याकाळ, वही, तीच यादी, शाल, गोरा इंजिनिअर, साहेबांना दिलेलं उत्तर. सांगताना त्याचा आवाज रुक्ष झाला, एखादा फॉर्म वाचावा तसा, आणि मधे एकदा डावीकडच्या पडद्यावर नवी ओळ उमटल्याचा बारीक टिक्क आवाज आला. शीलाचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला आणि तिथेच थांबला. सगळं सांगून झाल्यावर त्याने ते वाक्यही बोलून टाकलं जे बोलायला नको होतं: "मला वाटायचं, त्यामुळे तुझी नोकरी तरी टिकली." शीलाने त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली होती, मघाशी पट्ट्या बघताना आली होती तशीच. ती काहीतरी जुळवून बघत होती.

"प्लांटचे नंबर बदलता येत नव्हते," ती सावकाश म्हणाली. "मग तेव्हा कसं झालं असतं?"

"ठाण्याचे बदलायचे. ती साधी मशिनं होती, चाळीस. एकेकापाशी बसून नवा नंबर टाकायचा."

"किती वेळ लागला असता?"

खोटं बोलायला इथेही जागा होती. महिना म्हणता आलं असतं, ऑफिस बंद ठेवावं लागलं असतं म्हणता आलं असतं. तिला तपासता आलं नसतं. "एक रविवार," सहदेव म्हणाला.

एसीचा आवाज येत होता, लांब कुठेतरी फोर्कलिफ्ट मागे जाताना पीं-पीं करत होतं. तिने ओरडावं, रडावं, निदान उठून जा म्हणावं, असं सहदेवला मनापासून वाटत होतं, म्हणजे त्याला काहीतरी करायला मिळालं असतं. तिने चष्मा काढून दोरीवर सोडला, निळं लागलेली बोटं एकमेकांवर चोळली आणि विचारलं, "आराखड्यात माझं नाव येणार ना? ही जागा आता लागत नाही, असं?" "पोस्ट म्हणून येईल. नाव नाही." "तेच ते. इथे दुसरं कोण बसतं? मग तुझंही येऊ दे. का झालं नव्हतं ते लिही, सगळं, आता मला सांगितलंस तसं. मला लॅबला घ्या म्हणून अर्ज करायचाय. हिने इतकी वर्षं फक्त टायपिंग केलं असं ते म्हणतील, तेव्हा मला तो कागद दाखवायला लागेल." सहदेवने मान हलवली. खिशातली चिठ्ठी काढून त्याने तिच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली. शीलाने ती काय आहे हेही विचारलं नाही. ती उठली. उठताना टेबलाचा आधार घेतला, पाठ सरळ व्हायला जरा वेळ दिला, आणि ओढणी नीट केली.

"कुठे चाललीस?"

"लॅबमध्ये. त्या सुशांतने काळा घातला असेल एव्हाना." दारापाशी जाऊन ती पूर्ण वळली, मान वळत नव्हती म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र कोरडा. "आजच्या सदतीस ओळी राहिल्यात. पाचच्या आत ठाण्याला जायला पाहिजेत. तू भर."

सहदेव तिच्या खुर्चीवर बसला. खुर्ची त्याला बुटकी होती, पण दांडी कुठली आणि कशी ओढायची ते त्याला सापडेना, म्हणून गुडघे वर करून तसाच बसला. डावीकडच्या हिरव्या अक्षरांतून त्याने बॅचचा नंबर वाचला, उजवीकडे वळून टाइप केला, शेवटचे दोन आकडे आठवेनात म्हणून पुन्हा डावीकडे वळला. मग वजन. मग तापमान, ते वजनाच्या जागी पडलं, ते खोडलं. छटेचा नंबर अकरा आकड्यांचा होता, तो तीनदा बघावा लागला. ओळ पूर्ण झाली तेव्हा मानेत डाव्या बाजूला एक बारीक शीर धरल्यासारखी झाली होती आणि चार मिनिटं गेली होती. पडद्यावर खाली नवीन एक ओळ येऊन थांबलेली होती. म्हणजे अजून सदतीसच होत्या.